सोलापुरात ट्रफल्गार: एका आरमारी पटाचे परीक्षण

पाणी म्हटले की सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव आणि फार तर एकरुखचा तलाव एवढाच पसारा असलेल्या सोलापुरात सध्या दर महिन्याच्या एका रविवारी ट्रफल्गारची लढाई, म्हणजे १८०५ मध्ये स्पेनच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश आणि फ्रेंच-स्पॅनिश आरमारांत झालेली लढाई, पटावरच्या खेळाच्या रूपाने लढली जाते. सात रस्त्याजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा हॉल भाड्याने घेऊन, इतिहास शिकविण्यात आयुष्य घालविलेले एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांचे दोन माजी विद्यार्थी हा पट मांडतात. सकाळी १० ते संध्याकाळी ५ अशी वेळ, माणशी ६०० रुपये आणि विद्यार्थ्यांना ४०० रुपये शुल्क, त्यात दुपारचे जेवण आणि दोन वेळचा चहा, आणि जास्तीत जास्त १८ खेळाडू, असा सगळा व्यवहार आहे. मी यात एकाहून अधिक वेळा आणि दोन्ही बाजूंनी खेळलो असल्यामुळे पुढील अभिप्राय एका दिवसाच्या उत्साहावर बेतलेला नाही, एवढे आधी नमूद करतो.

प्रथम मांडणीविषयी. आठ टेबले जोडून त्यांवर समुद्र म्हणून अंथरलेले निळे कापड शहरातल्याच यंत्रमागावर मुद्दाम विणून घेतलेले आहे. त्यावरच्या चौकटी छापलेल्या नसून पांढऱ्या बारीक सुताने विणकामातच घेतलेल्या आहेत, त्यामुळे हात फिरवून फिरवून त्या पुसट होत नाहीत. त्यावर ब्रिटिशांची २७ आणि फ्रेंच-स्पॅनिश संयुक्त आरमाराची ३३ लाकडी जहाजे उभी राहतात. प्रत्येक जहाज बोटाएवढे आहे, शिडे जाड कागदाची आहेत आणि तळाशी नाव व तोफांची संख्या लिहिलेली आहे. तोफा उडाल्या की त्या चौकटीत पिंजलेल्या कापसाचा पुंजका ठेवतात, तो धूर. हा कापूस पंख्याच्या वाऱ्याने उडतो, म्हणून लढाई सुरू झाली की पंखे बंद होतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर पंख्याविना बसणे म्हणजे काय, हे येथील वाचकांना सांगायला नको. आयोजकांनी कापसाला खालून चिकटपट्टी लावली तरी भागेल, हे मी त्यांना सुचविले आहे. त्यांनी ते हसून ऐकून घेतले.

आता मूळ विषयाकडे. शिडांच्या मोठ्या युद्धजहाजांवर तोफा दोन्ही कुशींना ओळीने बसविलेल्या असत, पुढे आणि मागे अगदी थोड्या. म्हणून अठराव्या शतकात आरमारे एकामागे एक अशी रांग धरून लढत आणि दोन रांगा समांतर चालत एकमेकींवर मारा करीत. ही पद्धत सुरक्षित होती. परंतु तीत निकाल क्वचितच लागे, कारण मार खाणारी बाजू वारा पाहून निसटून जाऊ शके. ब्रिटिश आरमाराचा सेनापती होरेशियो नेल्सन याला निकाल हवा होता. शत्रूच्या रांगेवर काटकोनात दोन रांगांनी चालून जायचे, ती दोन ठिकाणी फोडायची, मधला आणि मागचा भाग कोंडीत धरायचा आणि पुढची जहाजे वळून मदतीला येईपर्यंत तेथे काम उरकायचे, ही त्याची १८०५ ची योजना. तिची किंमत अशी, की जवळ पोचेपर्यंत आपल्या नाकावर शत्रूच्या अख्ख्या कुशीचा मारा झेलायचा आणि आपण जवळपास गप्प राहायचे.

रांग फोडण्याची कल्पना नेल्सनने काढली, असे अनेकांना वाटते आणि हॉलमध्ये येणाऱ्या बहुतेकांचाही तोच समज असतो. वास्तविक १७८२ मध्ये वेस्ट इंडीजमधील सेंट्सच्या लढाईत रॉडनीने फ्रेंच रांग भेदली होती आणि १७९७ मध्ये कॅम्परडाउनला डंकनने डच आरमारावर दोन तुकड्यांनी चाल केली होती. शिवाय समोरचा सेनापती व्हिलनव्ह अजाण नव्हता. इंग्रज समांतर रांग धरणार नाहीत, आपली रांग तोडून पिछाडीवर गर्दी करतील, हे त्याने आपल्या कप्तानांना आधीच सांगून ठेवले होते. म्हणजे युक्तीत गुपित असे काही उरले नव्हते. मग निकाल इतका एकतर्फी का लागला, हा खरा प्रश्न आहे, आणि या पटाचे मोल मला वाटते ते यासाठी, की तो याच प्रश्नाभोवती रचलेला आहे.

खेळ सुरू होतो तो जेवणाच्या टेबलावर. नेल्सनची भूमिका घेणारा खेळाडू आणि त्याचे कप्तान यांना एकत्र बसवून जेवण वाढले जाते आणि पूर्ण एक तास त्यांना हवे ते बोलण्याची मुभा असते. यामागे आधार आहे. नेल्सन २८ सप्टेंबर १८०५ रोजी स्पेनच्या कादिझ बंदरासमोरील आरमारात दाखल झाला आणि लगेच त्याने कप्तानांना आपल्या 'व्हिक्टरी' जहाजावर जेवायला बोलावून आपली योजना तोंडी समजावून दिली. २९ सप्टेंबर हा त्याचा वाढदिवसही होता. पुढे ९ ऑक्टोबरला तीच योजना लेखी फिरविली गेली. उलट व्हिलनव्हच्या बाजूचे फ्रेंच आणि स्पॅनिश कप्तान या पटावर वेगवेगळ्या खोल्यांत जेवतात आणि त्यांच्या सेनापतीला प्रत्येक खोलीत वीसच मिनिटे मिळतात. घंटा वाजली की दोन्ही बाजूंची तोंडे बंद. त्यानंतर सेनापतीला झेंड्यांच्या संकेतांऐवजी प्रत्येक फेरीत एकच चिठ्ठी पाठविता येते, तीही ठरावीक संकेतपुस्तकातल्या क्रमांकाची, आणि मध्ये कापूस असेल तर ती पोचत नाही.

जेवणाचा तो एक तास कोण कसा वापरतो, यावर पुढची सगळी दुपार ठरते. एका खेळात नेल्सन झालेले गृहस्थ सूतगिरणीत उत्पादनाची जबाबदारी सांभाळणारे होते. त्यांनी कागदावर प्रत्येक जहाजाची चौकट, प्रत्येक फेरीची चाल आणि कोणी कोणाच्या मागे राहायचे हे इतक्या बारकाईने लिहून आणले होते, की कडक भाकरी तशीच राहिली आणि कप्तानांना एकही प्रश्न विचारायला वेळ मिळाला नाही. तिसऱ्या फेरीत शत्रूची रांग वाकडी झाली, कागदावरची चौकट रिकामी निघाली आणि पाच कप्तान चिठ्ठीची वाट पाहत जागच्या जागी थांबले. दुसऱ्या एका खेळात ही भूमिका प्राथमिक शाळेतील एका शिक्षिकेकडे आली. त्यांनी योजना दहा मिनिटांत सांगितली आणि उरलेला वेळ प्रत्येकाला "तुमच्या समोर असं असं झालं तर काय कराल?" एवढेच विचारीत काढला. कोणी चुकीचे उत्तर दिले तर बाकीच्यांनीच ते दुरुस्त केले. त्या दिवशी घंटेनंतर त्यांनी फारशा चिठ्ठ्या पाठविल्याच नाहीत, आणि ब्रिटिश बाजूचा विजय प्रत्यक्ष इतिहासाच्या जवळ जाणारा झाला.

नेल्सनच्या लेखी योजनेतील प्रसिद्ध वाक्याचा आशय असा आहे, की संकेत दिसले नाहीत किंवा नीट उमगले नाहीत, तर आपले जहाज शत्रूच्या जहाजाला भिडविणारा कप्तान फार चुकला असे होणार नाही. हे वाक्य ब्रिटिश खेळाडूंच्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत छापले आहे. आयोजकांचा खरा अभ्यास मला दिसला तो समोरच्या बाजूच्या पत्रकात. कारण तेथे व्हिलनव्हचे त्याच अर्थाचे वाक्य दिले आहे: जो कप्तान तोफांच्या माऱ्यात नाही, तो आपल्या जागेवर नाही. दोन्ही सेनापतींनी जवळजवळ एकच आज्ञा दिली होती. परंतु एका बाजूचे कप्तान वर्षानुवर्षे समुद्रावर नाकेबंदी करीत राहिलेले, एकमेकांच्या सवयी ओळखणारे आणि पुढाकार घेतल्यास आपल्याला पाठीशी घातले जाईल याची खात्री असलेले होते. दुसऱ्या बाजूची जहाजे बराच काळ बंदरात अडकून पडलेली, खलाशी अपुरे आणि नवखे, दोन देशांचे अधिकारी एकमेकांविषयी साशंक, आणि खुद्द सेनापतीला आपल्या जागी दुसरा माणूस निघाला असल्याची कुणकुण लागलेली. दोन खोल्यांत वाढलेले जेवण ही सारी परिस्थिती कोणत्याही भाषणापेक्षा लवकर समजावते.

धुराच्या नियमाचा एक प्रसंग सांगतो. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी तीन जहाजांची कप्तान होती. तिच्या आणि 'व्हिक्टरी'च्या मध्ये कापसाची भिंत उभी राहिली, तेव्हा तिने खेळ चालविणाऱ्या संचालकांना विचारले, "सर, झेंडे दिसतच नाहीयेत. मी काय समजू?" सर तिच्याकडे न पाहता म्हणाले, "जेवताना काय ठरलं होतं, ते तुम्हाला ठाऊक, ताई. मी इथं वारा आहे, सेनापती नाही." तिने क्षणभर विचार केला आणि तिन्ही जहाजे सरळ समोरच्या 'सांता आना' या स्पॅनिश जहाजाकडे वळविली. खऱ्या लढाईत याच 'सांता आना'वर कॉलिंगवुडने चाल केली होती. दुसऱ्या रांगेचा तो प्रमुख आपल्या 'रॉयल सॉव्हरिन'सह सर्वांच्या पुढे निघून शत्रूच्या रांगेत एकटाच घुसला. 'इंग्लंडची प्रत्येकाकडून कर्तव्याची अपेक्षा आहे' हा संकेत नेल्सनने फडकविला, तेव्हा हाच कॉलिंगवुड वैतागून म्हणाला होता, की नेल्सनने आता संकेत थांबवावेत, काय करायचे ते आम्हा सर्वांना ठाऊक आहे. नेल्सनच्या नेतृत्वाची याहून चांगली पावती मला दुसरी दिसत नाही, आणि ती एका चिडलेल्या मित्राच्या तोंडून आलेली आहे.

तोफांचा हिशोब फाशांवर चालतो. ब्रिटिश जहाजांना समोरच्यांच्या दोन फैरींमागे तीन फैरी मिळतात. ब्रिटिश गोलंदाज अधिक वेगाने तोफा भरीत, हे लक्षात घेता ते योग्यच आहे. चाल करून जातानाच्या फेऱ्या मात्र जीव टांगणीला लावतात. 'व्हिक्टरी'ने सुमारे चाळीस मिनिटे मारा खाल्ला होता आणि उत्तर देता येत नव्हते. पटावर तेवढ्या वेळेसाठी चार फेऱ्या आहेत आणि त्या चारही फेऱ्यांत नेल्सनच्या खेळाडूला फासे टाकता येत नाहीत, फक्त आपल्या शिडांचे तुकडे काढून ठेवावे लागतात. मग जहाज व्हिलनव्हच्या 'ब्युसांतोर'च्या पिछाडीमागून जाते. जहाजाचा मागचा भाग खिडक्यांचा आणि कमजोर असतो, तेथून शिरलेला गोळा लांबीभर सगळे मजले फोडीत पुढे जातो, म्हणून येथे फाशांची बेरीज तिप्पट धरतात. 'व्हिक्टरी'वरच्या आखूड पण प्रचंड तोंडाच्या तोफेत एका गोळ्याबरोबर ५०० बंदुकीच्या गोळ्यांचे पिंपच भरून डागले होते, हे संचालक त्या क्षणी थंडपणे सांगतात. तोवर हसत-खेळत चाललेला हॉल त्यानंतर जरा जपून फासे टाकतो.

सर्वांत धाडसी नियम नेल्सनच्या मृत्यूचा. 'व्हिक्टरी' एकदा 'रदूताब्ल' या फ्रेंच जहाजाला भिडली, की प्रत्येक फेरीला एक वेगळा फासा पडतो आणि ठरावीक आकडा आला की नेल्सन झालेल्या व्यक्तीने उठून हॉलबाहेर जायचे. खऱ्या लढाईत 'रदूताब्ल'च्या डोलकाठीवरून सुटलेली गोळी त्याला दुपारी सव्वाच्या सुमारास लागली आणि साडेचारला तो गेला. मधल्या तीन तासांत त्याची जहाजे त्याच्यावाचून लढत राहिली. सूतगिरणीवाले गृहस्थ बाहेर गेले तेव्हा त्यांची बाजू कोसळली. शिक्षिकाबाई बाहेर गेल्या तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही, आणि त्या जिन्यात चहा पीत उभ्या होत्या.

आता उणिवा, आणि त्या कमी नाहीत. पहिली वाऱ्याची. पूर्ण खेळभर पश्चिमेचा मंद वारा एकसारखा धरला आहे आणि सर्व जहाजे सारख्याच चौकटी चालतात. त्या दिवशी वारा मंद होता हे खरे. परंतु तळाला नवा तांब्याचा पत्रा लागलेले 'रॉयल सॉव्हरिन' पुढे पळाले आणि 'प्रिन्स'सारखे जड जहाज रेंगाळत राहिले, यामुळेच तर ब्रिटिश रांगा लांबत गेल्या आणि पहिल्या जहाजांना तेवढा वेळ एकट्याने तोंड द्यावे लागले. शिडाच्या काळातील सेनापतीच्या डोक्यात पहिला आणि शेवटचा विचार वाऱ्याचाच असे. तो येथे संचालकांच्या एका वाक्यात उरकला जातो, आणि लाटांचा तर उल्लेखही नाही. पश्चिमेकडून येणाऱ्या मोठ्या लाटांवर जहाजे डुलत असताना गोलंदाजांना नेम धरणे अवघड होते, हे नेल्सनचे ते धाडस समजून घेताना विसरता येत नाही.

दुसरी उणीव वादळाची. पटावरची लढाई त्या दिवशीच्या सूर्यास्ताला संपते आणि गुण मोजले जातात. शत्रूची १८ जहाजे गेली, त्यांपैकी १७ पकडलेली आणि एक स्फोटात नष्ट. ब्रिटिशांचे एकही नाही, असा खरा हिशोब भिंतीवर लावतात. पण लढाईनंतर उठलेल्या वादळात पकडलेल्या जहाजांपैकी काही बुडाली, काही ब्रिटिशांनाच नष्ट करावी लागली, काही शत्रूने परत मिळविली आणि अखेर चारच हाती राहिली, हे तेथे कोठेच नाही. मरताना नेल्सन नांगर टाकण्याविषयी बजावत होता आणि कॉलिंगवुडने ते त्या संध्याकाळी केले नाही. ही चर्चा करण्यासारखी गोष्ट आहे. आणखी एक फेरी वाढवली तर एवढ्या चांगल्या खेळाला अपुरेपणा राहणार नाही.

प्रास्ताविक भाषण पाऊण तास चालते आणि ते स्तुतिस्तोत्राकडे झुकते. कोपनहेगनला १८०१ मध्ये माघारीचा संकेत पाहण्यासाठी नेल्सनने आपल्या आंधळ्या डोळ्याला दुर्बीण लावल्याची गोष्ट तीनदा येते. या एका गोष्टीमुळे नेल्सन म्हणजे आज्ञाभंग करणारा शूर माणूस एवढीच प्रतिमा श्रोत्यांच्या मनात बसते, आणि पुढचा सबंध खेळ नेमके वेगळे शिकवितो. त्याऐवजी १७९८ ची नाईलची लढाई थोडी विस्ताराने यायला हवी होती. तेथे अबुकीरच्या उपसागरात नांगरलेल्या १३ फ्रेंच जहाजांच्या रांगेच्या आतल्या बाजूने, म्हणजे किनाऱ्याच्या अंगाने, घुसण्याचा निर्णय कप्तान फोलीने आयत्या वेळी घेतला, आणि असे निर्णय आपले कप्तान घेतील अशी तयारी नेल्सनने आठवडेच्या आठवडे चर्चा करून करून ठेवली होती. कोवळ्या वयात 'सीहॉर्स' जहाजावर तो मुंबईपर्यंत येऊन गेला होता आणि १७७६ मध्ये तापाने खंगल्यामुळे त्याला परत पाठविले गेले, हेही सोलापूरच्या श्रोत्यांना ऐकायला आवडले असते.

दिवसाच्या शेवटी तासाभराचा एक छोटा पट कान्होजी आंग्रे यांचा आहे. येथे मात्र माझी निराशा झाली. दोन गुराबा (शिडांची मोठी लढाऊ जहाजे), सहा गलबते (वल्ह्यांची छोटी जहाजे) आणि इंग्रज कंपनीचे एक व्यापारी जहाज एवढीच मांडणी. घोषणा जोरात होतात आणि जहाज पकडले जाते. वास्तविक कान्होजींचे तंत्र पटाला नेल्सनइतकेच साजेसे आहे. वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढीत शत्रूच्या पिछाडीला आणीत, जेथे त्याच्या तोफा पोचत नाहीत. गुराबांच्या नाकावरच्या तोफा पुढच्या दिशेने डागून शिडे आणि डोलकाठ्या मोडीत, आणि जहाज पांगळे झाले की माणसे चढवीत. कुशीच्या तोफांवर विसंबलेल्या मोठ्या जहाजांच्या विचारसरणीला हे नेमके उलटे उत्तर होते. त्यातही खरा जोर किल्ल्यांचा होता: कुलाबा, खांदेरी, विजयदुर्ग. १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये विजयदुर्गावर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर इंग्रजांनी केलेल्या मोहिमा फसल्या, त्या आरमार आणि किल्ले एकमेकांना धरून होते म्हणून. किल्ल्याविना आणि खाडीविना कान्होजींचा पट मांडणे म्हणजे 'आपलाही एक माणूस होता' एवढे सांगून मोकळे होणे आहे. नेल्सनवर एवढी मेहनत घेणाऱ्यांनी सरखेल कान्होजींवर निम्मी तरी घ्यावी.

जेवण साधे आणि उत्तम: कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, पिठले आणि भात. हॉलला लिफ्ट नाही, हे ज्येष्ठांनी ध्यानात घ्यावे. दुचाकी खाली लागते, चारचाकीसाठी जागा शोधावी लागते. सूचना सर्व मराठीत आहेत आणि जहाजांच्या भागांचे चित्रासह पत्रक दिले जाते, त्यामुळे आधीची माहिती नसली तरी अडत नाही. बारा वर्षांखालील मुलांना आणू नये. फेऱ्यांमधला वेळ त्यांना पेलवत नाही.

नाव नोंदविताना भूमिका विचारली जाते आणि जवळजवळ प्रत्येक जण नेल्सन मागतो. मागू नये. कॉलिंगवुडच्या रांगेतील तिसऱ्या-चौथ्या जहाजाचा कप्तान व्हावे. योजना नीट कळते, धूर लवकर येतो आणि निर्णय स्वतःला घ्यावे लागतात. शत्रूच्या आघाडीच्या तुकडीचा प्रमुख द्युमानवार याची भूमिका मिळाली तर नम्रपणे नकार द्यावा, कारण त्याच्या दहा जहाजांना वळून यायला जेवढा वेळ प्रत्यक्षात लागला, तेवढाच या पटावर लागतो, आणि तोवर खेळाडूने करायचे काय, याची सोय आयोजकांनी अजून केलेली नाही. माझ्या वेळी त्या खुर्चीत बसलेले वकील काका दोन तास वर्तमानपत्र वाचत होते, आणि लढाईत उतरण्याची पाळी आली तेव्हा त्यांनी विचारले, "कोण जिंकतंय ओ?"